कसर-वटाव

साताऱ्याच्या मोती चौकाजवळील एका जुन्या किराणा दुकानात, गल्ल्याच्या डाव्या हाताला, जेथे पूर्वी चवल्या-पावल्या आणि ॲल्युमिनियमचा खुर्दा निरनिराळा ठेवण्याची लाकडी कप्प्यांची पेटी असे, तेथे आता गोळ्यांची काचेची बरणी असते. बिल 98 रुपये झाले आणि गिऱ्हाइकाने शंभराची नोट पुढे केली, की ‘मोड नाही’ एवढे दोन शब्द उच्चारून दुकानदार बरणीत हात घालतो आणि दोन गोळ्या काढून पिशवीवर ठेवतो. मीही त्या अनेक वेळा घेतल्या आहेत. परंतु बिल 102 रुपये झाले असता वरच्या दोन रुपयांऐवजी दोन गोळ्या मीच त्याच्या हाती ठेवल्या, आणि त्याने त्या गल्ल्यात जमा करून घेतल्या, असे मात्र आजवर एकदाही घडलेले नाही. या एकमार्गी व्यवहारात जी रक्कम दिवसभर, दुकानोदुकानी, दोन-दोन रुपयांनी इकडची तिकडे होते, तिचा धनी कोण, हा प्रश्न क्षुल्लक वाटला तरी नाण्यांच्या इतिहासाइतका जुना आहे.

अमेरिकेत हा प्रश्न सध्या ऐरणीवर आला आहे. तेथील सर्वांत लहान नाणे, म्हणजे एक सेंटचे ‘पेनी’, पाडण्यास सुमारे पावणेचार सेंट खर्च येऊ लागला, तेव्हा 12 नोव्हेंबर 2025 रोजी फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत चलनासाठीचे अखेरचे पेनी पाडून सरकारने ते काम थांबविले. नाणे बंद करण्याविषयी तेथे फारसे दुमत राहिले नव्हते. वाद माजला तो पुढच्याच गोष्टीवरून. एखाद्या वस्तूची किंमत एक डॉलर 98 सेंट असेल, आणि दोन सेंटची मोड देण्याजोगे नाणेच हळूहळू नाहीसे होणार असेल, तर रोख रक्कम कोणत्या बाजूस झुकवावयाची, याचा सर्व देशास लागू पडणारा कायदा नाणे थांबविण्यापूर्वी झालेला नव्हता. कॅनडाने हा क्रम उलट ठेवला होता. तेथे 2012 साली नाणे पाडणे थांबले आणि 4 फेब्रुवारी 2013 पासून ते बँकांना देणे बंद झाले. परंतु त्याआधीच नियम जाहीर झालेला होता, की रोखीच्या एकूण बिलातील शेवटचा आकडा एक किंवा दोन असेल तर तो सोडून द्यावा, तीन किंवा चार असेल तर पाच करावा, आणि कार्डाने किंवा धनादेशाने पैसे देणाऱ्याकडून सेंटपर्यंत बिनचूक रक्कम घ्यावी.

आपल्याकडे हे प्रकरण निराळ्या रीतीने घडले, आणि ते साताऱ्याच्या भूमीवरून पाहिले म्हणजे अधिक स्पष्ट दिसते. कारण तांब्याच्या लहान नाण्याशी या मुलुखाचा संबंध फार जवळचा आहे. शिवाजी महाराजांच्या 1674 च्या राज्याभिषेकानंतर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असलेली शिवराई चलनात आली; पुढे शाहू महाराजांनी 1708 साली राज्याभिषेक करवून घेऊन सातारा ही राजधानी केली, तेव्हाही आणि नंतर पेशव्यांच्या अमलातही, अक्षरांच्या वळणात आणि खुणांत थोडाफार फरक होत, हेच जाड तांबडे नाणे बाजारात खेळत राहिले. सामान्य कुणबी, बलुतेदार, मजूर यांच्या हातात मोहर सोडाच, रुपयादेखील क्वचित येई. त्यांचा सारा संसार शिवराईवर चाले. आणि अडचण नेमकी तेथेच होती. तांबे आणि चांदी यांचा परस्पर भाव स्थिर नसे, निरनिराळ्या टाकसाळींच्या रुपयांचा कस निरनिराळा असे, आणि म्हणून तांब्यात कमाई करून चांदीत सारा भरावा लागणाऱ्या रयतेला सराफाच्या पेढीवर बट्टा द्यावा लागे. नाणे पारखणाऱ्या पोतदाराचा हुद्दा आज केवळ आडनाव होऊन राहिला आहे. पण लहान नाण्याकडून मोठ्या नाण्याकडे जाताना जी कसर पडते, ती लहान नाणे बाळगणाऱ्याच्या पदरी पडते, हा त्या व्यवस्थेचा धडा जुना झालेला नाही.

कंपनी सरकारने 1835 साली एकाच वजनाचा व कसाचा रुपया ठरविला आणि पुढे 1848 साली साताऱ्याचे राज्य खालसा झाले, तेव्हा बट्ट्याचा जाच कमी झाला. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै, असे ते कोष्टक. माझ्या आजीच्या फडताळात एक पितळी डबा असे आणि त्यात ढब्बू पैसा, 1943 नंतरचा भोकाचा पैसा, चौकोनी चवली अशी नाणी असत. माझ्या हातावर ती ठेवून तिने मला हे कोष्टक शिकविले. तिच्या शिकवणीत एक सौंदर्य होते, ते मला फार उशिरा उमगले. सोळा आणि चौसष्ट या संख्यांचे निम्मे, पाव, अर्धपाव असे थेट एकापर्यंत करीत या, अपूर्णांक उरत नाही. पाच रुपये शेराची वस्तू पावशेर घेतली तर सव्वा रुपया, अर्धपाव घेतली तर दहा आणे, छटाक घेतली तर पाच आणे. बाजाराचे वजन आणि बाजाराचे नाणे एकाच पद्धतीने दुभागत असल्यामुळे कसर पडण्याचा प्रसंगच कमी येई.

1 एप्रिल 1957 रोजी हे सामंजस्य मोडले. रुपयाचे शंभर ‘नये पैसे’ झाले. दशमान पद्धतीच्या सोयीविषयी वाद नाही. तिने हिशेब सोपे केले, शाळेतल्या मुलांच्या डोक्यावरचे ओझे उतरविले, आणि तो निर्णय योग्यच होता असे मी मानतो. परंतु जुने आणे आणि नये पैसे बराच काळ बाजारात शेजारी शेजारी चालणार असल्याने सरकारला एक कोष्टक प्रसिद्ध करावे लागले, आणि रक्कम पूर्णांकात आणणे म्हणजे काय, हे या देशातील कोट्यवधी माणसांना प्रथमच त्या कोष्टकाने प्रत्यक्ष दाखविले. एक आणा म्हणजे खरे पाहता सव्वासहा नये पैसे; कोष्टकात सहा. दोन आणे म्हणजे साडेबारा, कोष्टकात बारा. तीन आणे म्हणजे पावणेएकोणीस, कोष्टकात एकोणीस. चार आण्यांवर मात्र बरोबर पंचवीस येऊन सारे जुळे. वरवर पाहता यात कोणावर अन्याय नाही. काही ठिकाणी घेणाऱ्याचा लाभ, काही ठिकाणी देणाऱ्याचा.

परंतु कोष्टकाच्या तळाशी पाहावे. जुना एक पैसा म्हणजे सुमारे दीड नया पैसा, बिनचूक सांगावयाचे तर 1.5625, कोष्टकात त्याचे दोन होत. समजा, एखाद्या बाईने चार दिवस रोज एका पैशाचे मीठ किंवा एका पैशाची तपकीर नव्या नाण्यांनी घेतली. तिचे आठ नये पैसे गेले. तिच्या शेजारणीने तीच वस्तू एकदम एका आण्याची घेतली. तिचे सहा गेले. वस्तू तेवढीच, बाजार तोच, दुकानही तेच. आणि एकदम आणा खर्च करण्याची ऐपत नसल्याबद्दल पहिलीला एक-तृतीयांश अधिक मोजावे लागले. टपाल खात्यानेही दोन आण्यांच्या पाकिटाचे कोष्टकाप्रमाणे बारा न घेता तेरा नये पैसे ठरविले आणि पाऊण आण्याच्या कार्डाचे पाच. वाद नुसत्या पूर्णांकाचा नसतो. पूर्णांक कोणत्या टप्प्यावर, किती वेळा आणि कोणाच्या मर्जीने केला जातो, याचा असतो.

‘नया’ हे विशेषण 1964 च्या जूनमध्ये गळाले आणि नुसता पैसा राहिला. मग महागाई वाढत गेली तसे एकेक नाणे खालून गळू लागले. ब्राँझचा पैसा ॲल्युमिनियमचा झाला, तीन पैशांचे षट्कोनी नाणे आले आणि गेले, दोन, पाच, दहा, वीस यांची तीच गत झाली. पंचवीस पैशांचे गेंड्याच्या चित्राचे पोलादी नाणे तेवढे तग धरून होते. अखेर 30 जून 2011 पासून पंचवीस पैसे आणि त्याखालील सर्व नाणी कायदेशीर चलनातून रद्द झाली. आदल्या दिवसापर्यंत ती बँकांत बदलून मिळत होती. त्या दिवसापासून, देवापुढे सव्वा रुपया ठेवण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत सांगलीच्या गणपतीसमोर काय किंवा वाईच्या ढोल्या गणपतीसमोर काय, नाण्यांनी पाळता येणे अशक्य झाले. पूजेच्या यादीतला ‘सव्वा’ हा शब्द राहिला. त्यातला पाव गेला, आणि त्याची जागा अकरा, एकवीस, एकशेएक यांनी घेतली.

राहिले पन्नास पैसे. हे नाणे आजही कायदेशीर आहे. 2011 च्या नाणे अधिनियमाप्रमाणे दहा रुपयांपर्यंतची रक्कम, म्हणजे वीस नाणी, पन्नास पैशांत चुकविता येते. परंतु साताऱ्याच्या मंडईत किंवा सांगलीच्या गणपती पेठेत कोणी अधेली पुढे केली तर भाजीवाली ती परत करते, रिक्षावाला मान हलवितो. भिकारीही ती नको म्हणतो हे मी पाहिले आहे, आणि त्यात त्याचा दोष नाही, कारण ती त्याच्याकडूनही कोणी घेणार नसते. नाण्याचे आयुष्य सरकारी फर्मानावर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते पुढचा माणूस ते घेईल या विश्वासावर अवलंबून असते. दहा रुपयांच्या नाण्याविषयी मध्यंतरी अशीच अफवा पसरली, तेव्हा रिझर्व्ह बँकेला जानेवारी 2018 मध्ये पत्रक काढून सांगावे लागले, की या नाण्याचे चौदाही नमुने कायदेशीर आहेत. मोठ्या नाण्यासाठी बँक बोलली म्हणून ते काही प्रमाणात तरले. अधेलीसाठी तसे निकराने कोणी बोलले नाही.

येथे आपल्या व्यवस्थेतील उणीव उघडी पडते. सरकारने स्वतःपुरते पूर्णांकाचे नियम चोख केले आहेत. वस्तू व सेवा कराच्या कायद्यात 170 वे कलम आहे. कराच्या रकमेत पन्नास पैसे किंवा अधिक आले तर पूर्ण रुपया धरावयाचा, कमी आले तर सोडून द्यावयाचे. आयकराची रक्कम दहाच्या पटीत आणली जाते. सरकार आणि करदाता यांच्यामधील कसर अशी दोन्ही बाजूंनी समतोल राखून वाटलेली आहे. परंतु दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यामधील रोख व्यवहारात, बिलाची बेरीज कोणीकडे झुकवावी आणि मोड नसल्यास काय करावे, याविषयी गिऱ्हाइकाने बोट ठेवून दाखवावा असा नियमच बाजारात दिसत नाही. म्हणून तेथे प्रबळ पक्षाची सोय हाच नियम होतो, आणि बरणीतली गोळी ही त्याची पावती ठरते.

मोबाईलवरून पैसे देण्याची सोय झाल्यावर हा प्रश्न आपोआप मिटला, असे पुष्कळांचे म्हणणे आहे. ज्याच्या हाती असा मोबाईल आणि ज्याच्या खात्यात शिल्लक आहे, तो साडेसत्त्याण्णव रुपये साडेसत्त्याण्णवच देतो, हे खरे. परंतु मिटला तो त्याच्यापुरता. म्हसवडच्या किंवा जतच्या आठवडी बाजारात रोजगाराचे पैसे रोखीने घेऊन येणारी जी शेतमजूर बाई पाव किलो भाजी घेते, तिच्या बाबतीत 1957 सालचे कोष्टक आजही चालू आहे. पस्तीस रुपये किलोची भाजी पाव किलो घेतली की हिशेबाने पावणेनऊ रुपये होतात. ती नऊ देते, आणि एक रुपयाचे नाणे कोणाजवळच नसले तर दहा. चार बाजार मिळून एक किलो भाजीस तिचे छत्तीस ते चाळीस रुपये गेले. एकदम किलोभर नेणाऱ्याचे पस्तीस. भाजीवालीही काही सावकार नव्हे. तिलाही मोड मिळत नाही, आणि सकाळी शंभराच्या नोटा मोडून घेण्यासाठी तिला चार दुकानांच्या पायऱ्या चढाव्या लागतात. दोन गरिबांच्यामध्ये ही कसर अशी लोंबकळत राहते.

उभयपक्षी नियम आपल्याला अशक्य आहे, असे मात्र कोणी म्हणू नये, कारण तो आपल्याच लाल गाडीत आपण पाहिला आहे. जून 2018 मध्ये एस.टी.ने भाडेवाढ केली तेव्हा वाहक-प्रवाशांमधील सुट्ट्या पैशांची रोजची हुज्जत टाळण्यासाठी तिकिटे पाचच्या पटीत आणली, आणि नियम उघडपणे सांगितला: भाडे सात रुपये येत असेल तर पाच घ्यावयाचे, आठ येत असेल तर दहा. नियमाची वाटणी निर्दोष आहे. एक आणि दोन खाली जातात, तीन आणि चार वर जातात, आणि सर्व मिळून बेरीज शून्य येते. पुढे जानेवारी 2025 मध्ये 14.95 टक्के भाडेवाढ झाली, तेव्हा पाचच्या पटीत न बसणारे आकडे तिकिटावर परत आले आणि त्यांच्याबरोबर एक-एक रुपयासाठीची हुज्जतही परतली.

तरीही 2018 च्या त्या नियमात एक बारीक गोष्ट होती, आणि ती बारीक असल्यामुळेच सांगितली पाहिजे. सरासरीची समता ही रोज निरनिराळे बिल होणाऱ्याच्या उपयोगाची आहे. किराणा मालाच्या बिलाचा शेवटचा आकडा आज तीन, उद्या सात, परवा एक असा फिरत राहतो. म्हणून वर्षाअखेर घेणे-देणे जवळजवळ फिटते. परंतु जो विद्यार्थी रोज एकाच थांब्यावरून एकाच गावाला जातो, त्याच्या टप्प्याचे भाडे आठ असेल तर ते रोज आठच असते आणि रोज दहाच होते. आणि पलीकडच्या थांब्यावरच्या विद्यार्थ्याचे सात असेल तर ते रोज पाच. दोघांची बेरीज करून एस.टी.चा ताळेबंद जुळतो; दोघा विद्यार्थ्यांचे खिसे जुळत नाहीत. म्हणजे पूर्णांक हा बदलत्या बेरजेवर करणे न्याय्य, आणि ठरलेल्या दरावर करणे अन्याय्य. या सर्व वादातील माझे मुख्य म्हणणे एवढेच आहे. नाणे मरू द्यावे. त्याच्या मरणाचे सुतक धरण्याचे कारण नाही. परंतु दरातला पैसा मरू देऊ नये.

दरातला पैसा किती जिवंत असतो, हे पाहावयाचे असेल तर कृष्णाकाठच्या कोणत्याही गावी, भिलवडीला म्हणा की वाळव्याला, सकाळी दूध संकलनाच्या वेळी उभे राहावे. दुधाचा दर लिटरमागे रुपये-पैशांत असतो, आणि फॅट व एस.एन.एफ. यांच्या पॉइंटप्रमाणे तो पैशापैशाने वर-खाली होतो. लिटरमागे फक्त पंचवीस पैशांचा फरक धरू. म्हणजे जी पावली चलनातून जाऊन एक तप उलटून गेले, तीच. रोज बारा लिटर दूध घालणाऱ्या घराला तिचे दिवसाला तीन रुपये होतात, आणि वर्षाला 1,095. एवढ्या पैशांत घरातल्या मुलाची वह्या-पुस्तके येतात. ‘आता पंचवीस पैसे कोण मोजतो’ असे म्हणून कोणी हा दर पूर्ण रुपयात आणू पाहील, तर ते पंचवीस पैसे मोजणारी माणसे सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत घरोघर आहेत. दूध मोजणाऱ्या काट्याने शंभर नव्हे, दहा मिलिलिटरपर्यंत नोंद करावी, हा उत्पादकांचा आग्रहही याच जातीचा आहे. शंभराच्या काट्यावर पाच लिटर नव्वद मिलिलिटरचे पाच लिटर होतात, आणि ती नव्वद मिलिलिटरची कसर नेहमी एकाच दिशेला जाते. त्या आग्रहाला कंजूषपणा म्हणणाऱ्यांनी आपल्या मुलखाचा इतिहास आठवावा. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागत पैसाफंड उभा केला आणि त्यातून 1908 साली तळेगावचा काचकारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेची वसतिगृहे साताऱ्याच्या परिसरातील खेड्यांतून घरोघर मिळालेल्या मूठमूठ धान्यावर चालली. मूठ लहान म्हणून ती कोणी हिशेबातून वगळली नव्हती.

मग बेरजेची कसर कशी मिटवावी? याचे एक उदाहरण आपल्या प्रत्येकाच्या घरी दरमहा येते. महावितरणच्या वीजबिलावर ‘पूर्णांक देयक’ अशी एक ओळ असते. युनिटचा दर पैशांपर्यंत तंतोतंत, बेरीज पैशांपर्यंत तंतोतंत, आणि भरावयाची रक्कम तेवढी पूर्णांकात; आणि पूर्णांक करताना जे अधिक-उणे झाले ते बुडत नाही, पुढच्या महिन्याच्या हिशेबात जमा किंवा थकबाकी म्हणून उतरते. दर शाबूत, बेरीज शाबूत, आणि कसर कोणाच्याही खिशात जात नाही. रोजच्या किराणा दुकानदाराला, ज्याच्याकडे आपले खाते असते, हे करणे अवघड नाही. आणि जेथे खाते नाही, तेथे कॅनडासारखा किंवा 2018 च्या एस.टी.सारखा नियम एका पाटीवर लिहून गल्ल्याशेजारी टांगता येईल: एक-दोन सोडले, तीन-चारचे पाच केले, एकदाच, अखेरच्या बेरजेवर. ग्राहक पंचायतीने आग्रह धरावा, व्यापारी संघटनांनी मान्य करावे, एवढीच ही बाब आहे. तिला दिल्लीच्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.

आपल्या जुन्या पेढ्यांना हे ठाऊक होते. सांगलीच्या हळदीच्या आणि गुळाच्या अडत-व्यापारात देशी पद्धतीने लिहिल्या जाणाऱ्या कीर्द-खतावणीत ‘कसर-वटाव’ नावाचे एक स्वतंत्र खाते असे. सौदा मिटविताना वरचे आणे-पै सोडून दिले किंवा घेतले, की ते याच खात्यावर पडत. त्याला जमेची बाजू होती आणि नावेची बाजूही. वर्षाअखेर दिवाणजी त्याची बेरीज मांडीत, आणि मालकाला एका नजरेत कळे, की वर्षभरात आपण लोकांना किती सोडले आणि लोकांकडून किती राखले. मोती चौकातल्या त्या दुकानदाराला मी परवा हे खाते समजावून सांगितले. त्याने ऐकून घेतले, बरणी किंचित मागे सरकविली, आणि माझे उरलेले तीन रुपये वहीत माझ्या नावावर जमा लिहिले.